पाण्याचे मूळ गाव

कोथरूडात पहाटे फिरावयास निघालेली वयस्कर मंडळी परतताना मृत्युंजयेश्वराच्या देवळापाशी क्षणभर टेकतात, आणि पेन्शन, नातवंडांच्या परीक्षा व गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया हे नित्याचे विषय उरकून झाले की त्यांतील एखादा आवाज किंचित खाली आणून सांगतो, "अहो, त्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या छातीत पाणी झालंय म्हणे." ऐकणारा, मग तो बँकेतून निवृत्त झालेला असो की शिक्षणखात्यातून, चपलेत पाय सरकवताना एकच प्रश्न विचारतो : "टीबी तर नाही ना?" या दोन वाक्यांचे मला पुष्कळ दिवस कुतूहल वाटत आले आहे. पाणी म्हटले की क्षय, हे समीकरण पुणेकराच्या मनात कोणी आणि केव्हा रुजविले, हा एक प्रश्न. आणि दुसरा, त्याहून सूक्ष्म, क्रियापदाचा. मराठी माणसाच्या गुडघ्यात पाणी 'होते', पोटात 'होते', छातीत 'होते'. ते 'आले' असे म्हणणारा विरळा. जणू हे पाणी जेथे सापडले तेथेच निपजले, त्याला ना मूळ गाव ना वाट! वैद्यकाच्या इतिहासात या 'झाले'पासून 'आले'पर्यंतचा प्रवास फार लांबचा झाला आहे, आणि त्यातला शेवटचा, सर्वांत आडवळणाचा टप्पा म्हणजे छातीतील पाण्याचा उगम कमरेवरील दोन मूत्रपिंडांपाशी निघावा, हा शोध होय.

प्रथम स्थळाविषयी थोडे. सरकारी दफ्तरात 'मौजे कोथरूड, तालुका हवेली' अशी ज्याची नोंद, ते हे गाव शहराच्या पश्चिमेस, टेकड्यांच्या पायथ्याशी, म्हातोबाच्या छत्राखाली शेतीभाती करून राहिलेले होते. १९०० साली रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर अण्णासाहेब कर्व्यांनी शेजारच्या हिंगण्यास झोपडी उभारून विधवांचा आश्रम तेथे हलविला, आणि फर्ग्युसनमधले गणिताचे तास संपवून ते चिखल तुडवीत पायी हिंगण्यास जाऊ लागले; आज ज्याला कर्वे रस्ता म्हणतात आणि जेथे सायंकाळी सिग्नलला तीनतीनदा थांबावे लागते, तो त्या काळी असा एका माणसाच्या पायाखालचा रस्ता होता. या टापूत कोणाला धाप लागली, आडवे होताच जीव घाबरा झाला, तर त्याला बैलगाडीत उशांच्या टेक्यावर बसवून लकडी पुलावरून मुठा ओलांडायची आणि पेठा मागे टाकीत दोन-अडीच कोसांवरचे ससून रुग्णालय गाठायचे, एवढाच मार्ग. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय १८६७ साली सुरू झाले आणि पुढे १८७८ पासून त्याच्या छायेत वैद्यकाची शाळाही चालू लागली. ज्याच्याकडे गाडीभाडेही नव्हते, त्याच्यासाठी वैद्य, काढा आणि देव.

त्या वैद्यापाशी काही नव्हते असे मात्र समजू नये. सुश्रुतसंहितेत जलोदराचे पाणी काढण्याचा जो विधी सांगितला आहे, तो आजच्या शल्यवैद्याने वाचला तर त्याला ओळखीच्या माणसास भेटल्यासारखे वाटेल. नाभीच्या खाली, डाव्या बाजूस, रोमराजीपासून चार अंगुळे सोडून व्रीहिमुख नावाच्या शस्त्राने वेध करावा, त्यात नळी बसवावी आणि पाणी सोडावे. परंतु ते एकाच दिवशी सारे काढू नये, कारण तसे केल्यास तृष्णा, ज्वर, श्वास असे उपद्रव उठतात. म्हणून तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, असे करीत सोळाव्या दिवसापर्यंत थोडेथोडे काढावे आणि मोकळे झालेले पोट लोकर, रेशीम वा चामडे यांनी घट्ट बांधावे. हा विधी पोटाचा, छातीचा नव्हे. पण आज छातीतील पाणी काढतानाही एका बैठकीत साधारण दीड लिटरपलीकडे जाऊ नये असा शिरस्ता आहे, कारण दबलेले फुप्फुस एकाएकी फुलले तर त्यातच पाझर सुटून रोगी अधिक धापा टाकू लागतो. सबुरीचा सल्ला दोन्हीकडे सारखाच. त्याच सुश्रुताने मुतखड्यावरील शस्त्रक्रिया सांगताना असेही बजावले आहे की, न केली तर मृत्यू निश्चित आणि केली तर संशय, म्हणून आधी धन्याची अनुज्ञा घ्यावी. रुग्णालयाच्या खिडकीपाशी संमतिपत्रावर सही करताना ज्यांचा हात थरथरतो त्यांनी ही परंपरा किती जुनी आहे हे लक्षात आणावे. थरथर कमी होणार नाही, पण सोबत मिळेल.

मूत्राची परीक्षाही आपल्याकडे होती. योगरत्नाकरात सांगितल्याप्रमाणे सकाळच्या मूत्रात तेलाचा थेंब सोडून तो कसा व कोणत्या दिशेस पसरतो यावरून रोगाचे साध्यासाध्यत्व ठरविण्याचा परिपाठ पुष्कळ काळ चालला. त्या परीक्षेतून मूत्रपिंडाचे काही कळत होते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु ज्या रोगाचा ठाव लागत नाही त्याचे उत्तर शरीराने बाहेर टाकलेल्या पाण्यात शोधावे, ही बुद्धी खरी होती; चुकले ते फक्त साधन.

छातीत पाणी आहे हे जिवंत माणसात ओळखावे कसे, याचे पहिले पक्के उत्तर ज्या वर्षी छापले गेले ते मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही : १७६१. पानिपताहून परतलेल्या सैन्यासाठी मुठेवर लाकडी पूल बांधला गेला असे सांगतात त्याच वर्षी व्हिएन्नात लिओपोल्ड औएनब्रुगर नावाच्या वैद्याने एक लहानसे लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केले. हा खाणावळवाल्याचा मुलगा. पिंपात मद्य कुठवर आहे हे बोटांनी ठोकून अजमावण्याची विद्या त्याला घरातच अवगत असणार. त्याने तीच छातीवर चालविली. हवा असेल तेथे नाद पोकळ, पाणी असेल तेथे मांडीवर थाप मारल्यासारखा बद्द. आणि खातरजमा करण्यासाठी त्याने प्रेतांच्या छातीत पाणी भरून ते ठोकून पाहिले. समकालीन वैद्यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही, आणि पुस्तक जवळजवळ अर्धे शतक धूळ खात पडले.

पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेकने कागदाची सुरळी करून एका तरुण स्त्रीच्या छातीवर लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला, ही कथा सर्वश्रुत आहे; तितकी सर्वश्रुत नाही ती अशी की, फुप्फुसाभोवती मध्यम प्रमाणात पाणी असता पाण्याच्या वरच्या काठाशी रोग्याचा आवाज शेळीच्या बेंबाटण्यासारखा अनुनासिक, कापरा ऐकू येतो, ही नोंद त्याचीच. ज्याने हे एकदा ऐकले तो विसरत नाही. रोगी गंभीरपणे 'एक, दोन, तीन' म्हणत असतो आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला धनगरवाडा! लेनेक स्वतः १८२६ साली क्षयाने गेला. १८५० च्या सुमारास बोस्टनच्या हेन्री बाउडिचने सुई आणि शोषक पंप यांनी छातीतील पाणी काढण्याचा प्रघात पाडला. येथवर पाणी सापडले, ऐकू आले, बाहेरही काढता आले. कोठून आले, हा प्रश्न मात्र अजून शिल्लक होता.

त्या प्रश्नाचे एक दार १८२७ साली उघडले. जोतीराव फुल्यांचा जन्म ज्या साली झाला, आणि पेशवाई बुडून जेमतेम नऊ वर्षे झाली होती, तेव्हा लंडनच्या गाय रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट या वैद्याने आपल्या रोग्यांच्या हकिकतींचा ग्रंथ छापला. अंग सुजलेले, चेहरा फिकट, डोळ्यांखाली पिशव्या, अशा रोग्याचे मूत्र तो एका चमच्यात घेई आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरी. निरोगी माणसाचे मूत्र नुसते तापून उकळते. या रोग्यांचे मात्र अंड्यातील पांढऱ्या बलकासारखे गोठून गढूळ होई. असा रोगी दगावला की ब्राइट त्याचे शवविच्छेदन करी, आणि त्याला मूत्रपिंडे बिघडलेली आढळत. चमचा आणि मेणबत्ती. यापलीकडे उपकरण नाही. परंतु सूज पायावर, पाणी पोटात व छातीत, आणि मूळ कमरेमागच्या दोन घेवड्यांच्या आकाराच्या अवयवांत, ही साखळी जोडणारा पुरावा त्या चमच्याने दिला. रक्तातील प्रथिने मूत्रावाटे वाहून गेली की रक्ताची पाणी धरून ठेवण्याची ताकद घटते आणि ते पाणी वाट मिळेल तिकडे पाझरते, हे विवरण पुष्कळ नंतरचे. ब्राइटच्या शवविच्छेदनांत फुप्फुसावरणातील पाण्याचा आणि त्या आवरणाच्या दाहाचा उल्लेख वारंवार येतो. १८४२ साली गाय रुग्णालयाने या एकाच रोगाच्या अभ्यासासाठी त्याला दोन कक्ष काढून दिले. हा माणूस मला फार आवडतो. मोठ्या सिद्धान्ताच्या नादी न लागता त्याने चमचे तापविले आणि माणसे मोजली.

आता आपल्याकडे काय झाले ते पाहू. ससूनच्या कक्षांतून आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पाश्चात्त्य वैद्यक येथे रुजत असतानाच १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, आणि एका अर्थाने त्या शोधाने छातीतील पाण्याचा खटला निकालात काढला. या मुलखात क्षय होताच तसा. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानेच गेल्या. ज्या वाड्यात क्षयाचा एकही रोगी झाला नाही असा वाडा पेठांतून शोधून काढणे कठीण. तरुण माणसाच्या छातीत एका बाजूला पाणी दिसले की ते क्षयाचे, हा आडाखा शंभरांतील बहुतेक वेळा बरोबर येत असल्यामुळे तो आडाखा न राहता कायदा बनला. पाणी काढायचे, काचेच्या बरणीत गव्हाळ रंगाचा द्रव उजेडाशी धरायचा, मान हलवायची, आणि रोग्याची रवानगी हवापालटास. स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर हवापालटाच्या जागी इंजेक्शने आली, इतकेच. देवळापाशी विचारला जाणारा तो प्रश्न या इतिहासाने आपल्या तोंडी बसविला आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही : आजही भारतात छातीतील दाट, प्रथिनयुक्त पाण्यामागे क्षय हे एक प्रमुख कारण असतेच. पण सवयीने दिलेला निवाडा शंभर वेळा खरा ठरला, तरी एकशे एकाव्या फिर्यादीची चौकशी त्यात बुडते.

त्या एकशे एकाव्या फिर्यादीचे स्वरूप समजण्यासाठी मूत्रपिंडाची चतुःसीमा पाहिली पाहिजे. जमिनीच्या खरेदीखतात लिहितात तशीच ती लिहिता येईल. मागील बाजूस अकरावी व बारावी बरगडी. पुढील बाजूस आतडी, यकृत वा प्लीहा. आतील बाजूस पाठीचा कणा. आणि वरील बाजूस श्वासपटल, म्हणजे छाती व पोट यांमधला तो घुमटाकार पडदा. या पडद्यापलीकडे लगेच फुप्फुसावरणाचा खालचा कोपरा लागतो, आणि पाठीकडून तर तो बाराव्या बरगडीपर्यंत खाली उतरलेला असतो. आपण समजतो की छाती वर आणि मूत्रपिंड कुठेतरी खाली, दोन निरनिराळ्या तालुक्यांत. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये एक बांध आहे, आणि तोही पातळ. बांधात बारीक भगदाडे असू शकतात, लसवाहिन्यांचे चर असतात. बांधाच्या एका अंगाला पाणी तुंबले आणि दुसऱ्या अंगाला दाब कमी असला, तर पुढे काय होईल हे कोणत्याही शेतकऱ्यास विचारावे.

पुणेकरास तर ते शेतकऱ्याकडे जाऊन विचारण्याचेही कारण नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले ते कितीतरी कोसांवर, खडकवासल्याच्याही वर; पाणी शिरले ते नारायण आणि शनिवार पेठांतील माजघरांत. त्या दिवशी तेथल्या बोळात उभे राहून कोणी 'येथे पाणी झाले' असे म्हटले नसते. त्या पुरानंतर शहराचा ओढा पश्चिमेच्या उंचवट्याकडे वळला, कोथरूडच्या शेतांवर सोसायट्यांच्या पाट्या लागल्या, आणि मौजे कोथरूडचे उपनगर होऊ लागले. ती कथा निराळी.

पानशेतनंतर सातच वर्षांनी, १९६८ साली, कोरिएर, मिलर आणि मर्फी या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कुत्र्याची एका बाजूची मूत्रवाहिनी बांधून टाकली, मूत्र तुंबून मूत्रपिंड फुगले, आणि काही काळाने छातीत पाणी आढळले. हे संशोधक फिलाडेल्फियाचे; ज्या शहरात आनंदीबाई वैद्यक शिकल्या, त्याच शहरातून ऐंशीहून अधिक वर्षांनी हे कळावे, याला योगायोगापलीकडे काही अर्थ नाही, पण मला तो नोंदवल्यावाचून राहवत नाही. या विकाराला पुढे 'युरिनोथोरॅक्स' असे नाव पडले, म्हणजे छातीत उतरलेले, किंबहुना चढलेले, मूत्र. मुतखडा, गाठ, वाढलेली पुरःस्थ ग्रंथी, अपघातात बसलेला मार किंवा शस्त्रक्रियेत झालेली इजा यांपैकी कशानेही वाट अडली वा फुटली, की मूत्र पोटाच्या मागील पोकळीत झिरपते, तेथून श्वासपटलाच्या भगदाडांतून वा लसवाहिन्यांतून वर जाते, आणि बहुधा ज्या बाजूचे मूत्रपिंड अडले त्याच बाजूच्या छातीत साठते. हा विकार किती दुर्मिळ? २०१७ साली स्पेनमधील वैद्यांनी जगभरातील प्रसिद्ध हकिकती चाळून पाहिल्या, तेव्हा अवघे ८८ रोगी भरले. नजरेतून निसटलेले त्याहून अधिक असतील असे मानण्यास जागा आहे. कारण जे कोणी शोधत नाही ते सापडत नाही.

आणि शोधणे तर किती सोपे! पाण्याचे मूळ ओळखण्याची पहिली चाळणी १९७२ साली रिचर्ड लाइट व त्याच्या सहकाऱ्यांनी घालून दिली होती : छातीतील पाण्यातील प्रथिने आणि एलडीएच नावाचे द्रव्य रक्ताशी ताडून पाहायचे, म्हणजे पाणी नुसते पाझरलेले पातळ आहे की दाहाने निपजलेले दाट, हे ठरते. मूत्राच्या बाबतीत आणखी एक ताळा घालावा लागतो, तो क्रिएटिनिनचा. हे स्नायूंच्या रोजच्या झिजेतून उरणारे द्रव्य. मूत्रपिंड ते रक्तातून उपसून मूत्रात टाकते, म्हणून मूत्रात ते रक्ताच्या कित्येक पटींनी असते. छातीतील पाण्याचे क्रिएटिनिन रक्तापेक्षा जास्त भरले, की त्या पाण्याच्या गावाचा दाखला हाती आला. प्रथिने कमी, अनेकदा साखरही कमी, आम्लता मात्र वाढलेली, असे विचित्र मिश्रण असते. आणि काही हकिकतींत लिहिले आहे की सुईतून पाणी येताच खोलीत मूत्राचा वास पसरला. येथे औएनब्रुगरचे बोट आणि ब्राइटचा चमचा यांच्या शेजारी वैद्याचे नाक ठेवले पाहिजे. असे पाणी नुसते काढून भागत नाही, ते पुन्हा भरते. खालची अडलेली वाट मोकळी केली, नळी घालून मूत्राला त्याचा रस्ता दिला, की वरचे तळे काही दिवसांत आपोआप आटते. वर्षभर क्षयाच्या गोळ्या खाऊनही ते हटणार नाही.

या कथेतील गंमत अशी की, ज्या उपायांनी मूत्रपिंडाच्या रोग्यांचे प्राण वाचले त्याच उपायांनी छातीत पाणी जाण्याच्या नव्या वाटाही उघडल्या. १९७६ साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी पाठीला लहानसे छिद्र पाडून मूत्रपिंडातील खडा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. मुतखड्यांच्या आपल्या या कोरड्या मुलखात ती अर्थातच वरदान ठरली. परंतु खडा मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाशी असेल तर छिद्र बरगडीच्या वरून पाडावे लागते, आणि चतुःसीमेत सांगितलेला तो फुप्फुसावरणाचा कोपरा सुईच्या वाटेत येतो. मग धुण्याचे पाणी, रक्त, मूत्र यांपैकी काहीही छातीत उतरू शकते. हे जाणणारा शल्यवैद्य शस्त्रक्रियेनंतर छातीचा एक्स-रे आठवणीने काढतो.

दुसरी वाट डायलिसिसची. विलेम कोल्फने १९४३ साली, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडात, सॉसेजाच्या वेष्टणाच्या नळ्या लाकडी पिंपावर गुंडाळून रक्त धुण्याचे यंत्र उभे केले. त्याच्या जोडीनेच पोटाच्या आतल्या आवरणाचा गाळणी म्हणून उपयोग करून, पोटात साखरेचे पाणी भरून ते काही तासांनी काढण्याची पद्धत वाढीस लागली. १९६७ साली अमेरिकेतून बातमी आली की, पोटात भरलेले हे पाणी छातीत गेले. शंभर रोग्यांत साधारण दोघांच्या बाबतीत असे घडते, आणि घडते ते बहुतेक उजव्या बाजूस, कारण डावीकडील श्वासपटलावर हृदयाचे ठाणे बसलेले असते. ओळख पटविण्याची खूण मोठी लोभस आहे : छातीतून निघालेल्या पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेपेक्षा पुष्कळ जास्त. समुद्राकाठच्या लोकांना गोड्या पाण्याच्या विहिरीचे अप्रूप असते. वैद्याला हे गोडे पाणी दिसले की शोध संपल्याचा आनंद होतो.

तिसरी वाट सर्वांत जुनी, ब्राइटने पाहिलेली. मूत्रपिंडे निकामी होऊन रक्तात विषारी द्रव्ये साठली, की फुप्फुसावरण स्वतःच दाहाने पेटते. त्यातील पाणी अनेकदा रक्ताळलेले, श्वास घेताना खुपणारे. नेमाने डायलिसिस केल्यावर ते बहुधा हळूहळू ओसरते. तथापि येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. डायलिसिसवरील रोग्याच्या छातीत पाणी दिसले तर त्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे शरीरात साठलेले जास्तीचे पाणी आणि थकलेले हृदय. आणि दुसरे असे की, याच रोग्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली असल्यामुळे त्यांना क्षय होण्याचा धोकाही इतरांहून अधिक. म्हणजे ज्याला आपण जुना, बाळबोध प्रश्न म्हणून हसलो, तो फिरून योग्य ठिकाणी उभा राहतो. दुर्मिळाच्या नादात सामान्य विसरणे हाही एक नादच.

आजच्या कोथरूडात रुग्णालयांची वाण नाही. पौड रस्त्यापासून कर्वेनगरापर्यंत, औषधांच्या दुकानांच्या मधोमध, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, डायलिसिस यांच्या पाट्या वाण्याच्या दुकानांइतक्या सहज लागतात, आणि बैलगाडीतून लकडी पूल ओलांडण्याची आठवण सांगणारी माणसेही आता उरली नाहीत. परंतु पाणी काढण्याची क्रिया मात्र तशीच आहे. रोग्याला पलंगाच्या कडेला बसवितात, पुढ्यात उंच टेबल, त्यावर उशी, उशीवर हात आणि हातांवर कपाळ, पाठ उघडी. डॉक्टर सोनोग्राफीचे यंत्र फिरवून जागा निश्चित करतात, आणि तरीही, सवयीने, दोन बोटांनी एकदा ठोकून पाहतातच : पोकळ, पोकळ, पोकळ, बद्द. बधिर करण्याची सुई टोचते तेव्हा रोगी दचकतो, मग जाड सुई जाते तेव्हा नुसता दाब जाणवतो, आणि नळीतून पिवळसर धार पिशवीत उतरू लागते. दारापाशी उभ्या असलेल्या मुलीने विचारावे, "डॉक्टर, टीबी आहे का?" आणि डॉक्टरांनी पिशवीकडे पाहत म्हणावे, "तपासायला पाठवू, मग सांगतो. वडिलांना कधी मुतखड्याचा त्रास होता का हो?" मुलगी गोंधळते. छातीच्या दुखण्यात मुतखडा कोठून आला?

परिचारिका तोवर निरनिराळ्या रंगांच्या झाकणांच्या नळ्या भरते : एकीत पेशी, एकीत जंतू, एकीत क्षयाचा अंदाज देणारे एडीए, एकीत प्रथिने आणि साखर. शेवटच्या नळीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी आपल्या हाताने एक शब्द वाढविला आहे, 'क्रिएटिनिन', आणि त्याच वेळी दंडातून काढलेल्या रक्ताच्या नळीवरही तोच. त्याचे दर फार नाहीत. नुसते लिहिण्याची आठवण राहावी लागते. दोन्ही नळ्या एकाच पिशवीत घालून प्रयोगशाळेचा पोरगा दुचाकीवर निघतो, आणि कर्वे पुतळ्याच्या चौकात लाल दिव्यापाशी पाय टेकून उभा राहतो. पिशवीत छातीचे पाणी आणि अंगातले रक्त एकमेकांवर हलकेच किणकिणत असतात, आणि मागच्या रिक्षावाल्याला भोंगा वाजविण्याची घाई झालेली असते.